धीर देणारे शब्द आणि झटकून टाकणारे शब्द

परक्या भाषेच्या पहिल्या पुस्तकात भाकरी, घर, पाणी, रस्ता हे शब्द हमखास सापडतात. हातून पेला फुटला, गाडी चुकली, गर्दीत कोणी पायावर पाय दिला, घरातल्या माणसाच्या तपासणीचा अहवाल अजून यायचा आहे, अशा वेळी त्या भाषेतील माणसे एकमेकांना काय म्हणतात, हे मात्र त्या पुस्तकात फारसे नसते. ते कानानेच शिकावे लागते. माझी भाची गेली काही वर्षे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गालिसिया या प्रदेशात वृद्धांच्या शुश्रूषेचे काम करते. तिच्याशी होणाऱ्या बोलण्यातून स्पॅनिश भाषेतील असे पुष्कळ लहानसहान उद्गार माझ्या कानी पडत गेले आणि मराठीच्या कामातून सवड मिळेल तेव्हा मी त्या भाषेचे व्याकरणही चाळू लागलो. त्यांपैकी दोन प्रकारच्या उद्गारांविषयी येथे लिहायचे आहे : समोरच्याला धीर देणारे, आणि समोरच्याची गोष्ट झटकून टाकणारे. सीमाभागातील वाचकांना हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. तो तसा का नाही, हे पुढे ओघाने येईल.

स्पेनमध्ये दिवसातून असंख्य वेळा कानी पडणारे वाक्य म्हणजे 'नो पासा नादा'. शब्दशः अर्थ 'काही घडत नाही'. कोणी क्षमा मागितली की उत्तर 'नो पासा नादा'. दुकानदाराकडे सुटे पैसे नसले तरी 'नो पासा नादा'. मुलाने अंगावर दूध सांडले तरी तेच. यातील 'पासार' हे क्रियापद मोठे भारवाही आहे. जाणे, ओलांडणे, सरणे, घडणे असे अनेक अर्थ ते एकटे पेलते. 'नादा' या शब्दाचा इतिहास त्याहून मनोरंजक आहे. आज त्याचा अर्थ 'काही नाही' असा आहे, पण त्याचे मूळ लॅटिनमधील 'रेस नाता' म्हणजे 'जन्मलेली वस्तू' या शब्दसमूहात आहे. 'जन्मलेली एकही वस्तू नाही' असे म्हणता म्हणता नकार त्या शब्दात इतका मुरला की वस्तू नाहीशी झाली आणि नकार तेवढा उरला. त्यामुळे आजच्या स्पॅनिश वाक्यात 'नो' आणि 'नादा' असे दोन नकार शेजारी शेजारी नांदतात आणि एकमेकांना रद्द करीत नाहीत. मराठीत 'काही' हा शब्द अजून तसा नकारात बुडालेला नाही. 'काही घडले' असेही आपण म्हणू शकतो. स्पॅनिशचा 'नादा' कधी काळी जेथे उभा होता, तेथे आपला 'काही' अजून उभा आहे.

हेच क्रियापद भूतकाळात गेले की उद्गाराचा सूर पालटतो. पडलेल्या मुलाला उचलून घेताना स्पॅनिश आई 'या पासो, या पासो' म्हणते. 'सरले आता, सरले.' घडलेच नाही, असे ती म्हणत नाही. घडले आणि सरले, असे म्हणते. आपल्याकडची आई 'झालं, झालं' म्हणते तेव्हा तिचाही भाव हाच असतो. दुखऱ्या जागेवर हात फिरवीत म्हणायचे, बेडकाच्या शेपटीचा उल्लेख असलेले एक बडबडगीत स्पॅनिश जगात अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर घरोघरी ठाऊक आहे. बेडकाला शेपूट नसते, हे मुलाला कळेपर्यंत दुखणे थांबलेले असते. आपल्याकडची आजी ज्या उंबऱ्याला ठेच लागली त्या उंबऱ्यालाच चापट मारते. एका ठिकाणी अशक्य गोष्टीचे गाणे आणि दुसऱ्या ठिकाणी लाकडाला शिक्षा. मुलाचे दुःख खरे मानून मगच त्याला बाजूला सारायचे, ही रीत मात्र दोन्हीकडे सारखी आहे.

धीर देण्याचा दुसरा मोठा शब्द 'त्रांकिलो'. अर्थ 'शांत'. स्पॅनिशमध्ये विशेषणाला लिंग आणि वचन सोडत नाही, म्हणून पुरुषाला 'त्रांकिलो', स्त्रीला 'त्रांकिला', अनेकांना 'त्रांकिलोस' असे म्हणावे लागते. धीर देताना समोर कोण आहे याची नोंद व्याकरणच घेते. या शब्दाचे मराठी प्रतिरूप मी बराच काळ 'शांत हो', 'निश्चिंत राहा' यांत शोधत होतो. ते आपल्या घरातच होते. 'उगी, उगी.' 'उगा' म्हणजे निवांत, निःशब्द. जुन्या मराठीत हा शब्द मोठ्या माणसांसाठीही सर्रास येतो. आज तो पाळण्यापुरता उरला आहे. प्रौढ माणसाला 'उगा राहा' म्हटले तर ते धमकीसारखे वाटेल. स्पॅनिशने मात्र 'त्रांकिलो' पाळण्यापासून मृत्युशय्येपर्यंत सर्वत्र चालवला.

'नो ते प्रेओकूपेस' म्हणजे 'काळजी करू नकोस', आणि आदरार्थी 'नो से प्रेओकूपे' म्हणजे 'काळजी करू नका'. 'तू' आणि 'तुम्ही' यांचा भेद पाळणाऱ्या मराठी माणसाला हे वाक्य शिकताना अडचण पडत नाही. त्यातील क्रियापदाची फोड पाहण्याजोगी आहे. 'प्रे' म्हणजे आधी आणि 'ओकूपार' म्हणजे व्यापणे. जे अजून आलेले नाही, त्याने आधीच मन व्यापले जाणे, ही झाली काळजी. मेक्सिकोत याच अर्थाने 'नो ते आपूरेस' म्हणतात. तेच वाक्य अर्जेंटिनात किंवा पेरूत उच्चारले तर ऐकणारा त्याचा अर्थ 'घाई करू नकोस' असा घेतो. सुमारे वीस देशांची राजभाषा असलेल्या भाषेत असे होणारच. मेक्सिकोचा स्वतःचा असा आणखी एक उद्गार आहे, 'नी मोदो'. शब्दशः 'रीतच नाही', म्हणजे आपला 'नाइलाज'. कोलंबियात 'फ्रेस्को' म्हणजे 'गार राहा' म्हणतात. अर्जेंटिनात 'या फुए' म्हणजे 'होऊन गेले ते'. कोस्टा रिकात 'पुरा बिदा', म्हणजे 'निर्मळ जीवन', हे दोन शब्द नमस्कारापासून दिलाशापर्यंत कशालाही चालतात. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी माणसे एकत्र आली आणि त्यांनी 'असू दे'चे आपापले उच्चार मांडले, तर असाच एक छोटा नकाशा तयार होईल.

व्याकरणाच्या दृष्टीने मला सर्वांत भावलेला उद्गार 'नो सेरा नादा' हा आहे. 'सेरा' हे 'असणे' या क्रियापदाचे भविष्यकाळी रूप. शब्दशः 'काही असणार नाही', पण बोलणाऱ्याला भविष्याविषयी काही सांगायचे नसते. आताच्या अनिश्चिततेविषयीचा अंदाज तो भविष्यकाळात ठेवतो. मराठीत आपण नेमके हेच करतो. रात्री दार वाजले की 'वारा असेल' म्हणतो. तपासणीच्या अहवालाची वाट पाहणाऱ्याला 'काही नसेल हो' म्हणतो. वर्तमानाची खात्री देता येत नाही आणि खोटे बोलायचे नाही, म्हणून क्रियापदाला एक पाऊल पुढे ढकलून त्यात आशा ठेवायची. हजारो मैलांच्या अंतरावरील दोन भाषांनी एकमेकींना न विचारता ही सोय करून घेतली आहे.

आता दुसरी बाजू. 'मे दा इग्वाल' हे बेफिकिरीचे नित्याचे वाक्य. शब्दशः 'मला सारखेच देते'. यातील 'मे' हा आपला 'मला' आहे. मराठी माणसाला स्पॅनिश ज्या कारणाने लवकर जवळची वाटते, त्यांपैकी हे एक. आवडणे, वाटणे, दुखणे, पर्वा असणे या गोष्टी दोन्ही भाषांत माणूस 'करीत' नाही. त्या त्याला 'होतात'. 'मला आवडते' याची स्पॅनिश रचना 'मे गुस्ता', 'मला दुखते' याची 'मे दुएले'. तसेच 'मला फरक पडत नाही' हे 'मे दा इग्वाल'. चहा की कॉफी, असे विचारल्यावर हेच वाक्य 'मला काहीही चालेल' असा सौजन्याचा अर्थ देते. मात्र तुटक सुरात म्हटले तर 'तुझ्या प्रश्नात मला रस नाही' असाही.

बेफिकिरीला जोर आणायचा झाला, की स्पॅनिश माणूस थेट भाजीमंडईत शिरतो. 'मला एका काकडीएवढी पर्वा', 'एका मुळ्याएवढी', 'एका अंजिराएवढी', 'एका जिऱ्याएवढी'. काकडीला 'पेपीनो', मुळ्याला 'राबानो', जिऱ्याला 'कोमीनो' म्हणतात. या यादीतला सर्वांत प्रतिष्ठित शब्द 'ब्लेदो' आहे. आजचे बहुतेक स्पॅनिश बोलणारे हा शब्द केवळ या वाक्प्रचारातच वापरतात. ब्लेदो म्हणजे काय, हे त्यांतील अनेकांना सांगता येत नाही. ती माठ-राजगिऱ्याच्या कुळातली रानभाजी आहे. आपल्याकडे जी परडीत, परसात आणि उपवासाच्या ताटात मानाने येते, तिच्या बहिणीच्या नशिबी तिकडे क्षुल्लकतेचे माप होणे आले. आपणही मसाल्याच्या डब्याला सोडलेले नाही. ज्याची किंमत उरली नाही, त्याला कोणी 'हिंग लावूनही विचारत नाही'.

झटकून टाकण्याचे काम दोन्ही भाषांत गतिवाचक क्रियापदे करतात, हीही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. 'आन्दा' म्हणजे चाल. 'आन्दा या!' म्हणजे आपले 'चल, काहीतरीच!'. 'बाया' हे 'जाणे' याचे रूप. त्याचा उद्गार आश्चर्याचा किंवा निराशेचा. 'बेन्गा' म्हणजे ये. पण स्पेनमध्ये त्याचा उपयोग 'हं, चला', 'ठीक आहे', 'पुरे आता' अशा अर्थांनी होतो. 'के बा!' याची फोड 'काय जाते' अशी, आणि अर्थ 'छे, कुठले काय!'. मराठीतही 'चल', 'जा रे', 'हट', 'सोड', 'जाऊ दे' यांतील पाय नेहमी चालतेच असतात. आलेली गोष्ट पुढे ढकलणे किंवा दूर घालवणे, ही झटकण्याची मूळ हालचाल आहे आणि ती भाषेत तशीच राहिली आहे.

माणसालाच झटकायचे असेल तर त्याचे नाव काढून घेतले जाते. स्पॅनिशमध्ये अशा बेनामी माणसाला 'फुलानो' म्हणतात. 'कोणी एक फुलानो आला होता', या वाक्यात त्या माणसाची फारशी इभ्रत उरत नाही. हा शब्द अरबीतील 'फुलान'वरून आला. आठव्या शतकापासून पुढे कित्येक शतके आयबेरियात अरबी बोलली जात होती, तिचा तो वारसा. आपला 'फलाणा' त्याच अरबी शब्दापासून फारसीमार्गे दख्खनेत पोहोचला. एक शब्द मगरिबातून पश्चिमेला गेला, एक इराणातून पूर्वेला आला, आणि दोन्ही ठिकाणी त्याला ज्याचे नाव घेण्याची गरज वाटत नाही अशा माणसाला ओळखण्याचे काम मिळाले.

येथवर दोन स्वतंत्र याद्या झाल्या. प्रत्यक्षात त्या इतक्या स्वच्छ वेगळ्या करता येत नाहीत. 'नो पासा नादा' हे वाक्य ज्याच्या पायावर पाय पडला त्याने म्हटले, तर ती क्षमा आहे. ज्याने पाय दिला त्यानेच ते म्हटले, तर तो उद्धटपणा आहे. शब्द तेच, सूरही तोच असू शकतो. नुकसान कोणाचे झाले, यावर अर्थ ठरतो. 'नो एस पारा तान्तो', म्हणजे 'एवढे काही नाही', हे वाक्य घाबरलेल्या माणसाला आधार देते. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला तेच ऐकवले तर त्याची तक्रारच काढून घेते. स्पेनमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, हुकूमशहा फ्रांको याच्या मृत्यूनंतरच्या काळात, तरुणांच्या एका वर्गाला 'पासोता' हे नाव पडले. ज्याला कशाचेच सोयरसुतक नाही, राजकारणाचे नाही, नोकरीचे नाही, वडीलधाऱ्यांचे नाही, तो पासोता. शब्दाचे मूळ पुन्हा 'पासार' हेच. जे क्रियापद आईच्या तोंडी 'सरले' म्हणते, ते पासोताच्या तोंडी 'मी त्याच्यावरून निघून जातो' म्हणते.

दिलाशाचा वेष घेऊन येणारी टाळाटाळ स्पॅनिश साहित्याने फार पूर्वी ओळखली. मारिआनो खोसे दे लारा या लेखकाने १८३३ मध्ये 'बुएल्बा उस्तेद मान्याना' या शीर्षकाचा लेख लिहिला. अर्थ 'उद्या या'. एक परदेशी गृहस्थ माद्रिदला पंधरा दिवसांत काम उरकण्याच्या हिशेबाने येतो आणि कचेऱ्यांपासून कारागिरांपर्यंत सर्वत्र त्याला हेच सौजन्यपूर्ण उत्तर मिळते. कोणी त्याला 'नाही' म्हणत नाही. महिन्यांमागून महिने जातात आणि तो हात हलवीत परत जातो. लेख तत्कालीन स्पेनवरचा आहे. आपल्या तालुक्याच्या कचेरीत ज्याने चकरा मारल्या आहेत, त्याला त्यातील एकाही प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. 'बघू', 'करू', 'सांगतो', 'उद्या या' हे आपले शब्दही ऐकायला नकारासारखे नसतात.

सत्ताधीश 'नो पासा नादा' म्हणतात तेव्हा काय होते, याची दोन उदाहरणे स्पेनच्या अलीकडच्या इतिहासात आहेत. १७ जानेवारी १९६६ रोजी अल्मेरिया प्रांतातील पालोमारेस या खेड्यावर अमेरिकेचे एक बॉम्बफेकी विमान आकाशात इंधन भरताना दुसऱ्या विमानावर आदळले आणि त्यातील ४ हायड्रोजन बॉम्ब खाली आले. ३ जमिनीवर पडले, १ समुद्रात. अणुस्फोट झाला नाही. पण दोन बॉम्बमधील साधी स्फोटके फुटून प्लुटोनियम शेतांवर विखुरले. ८ मार्च रोजी तत्कालीन माहिती व पर्यटन मंत्री मान्युएल फ्रागा इरिबार्ने यांनी अमेरिकेच्या राजदूतांसह तेथील समुद्रात स्नान केले. छायाचित्रे जगभर गेली. पाण्यात उतरलेल्या मंत्र्यांचा देहच 'काही झालेले नाही' हे वाक्य उच्चारत होता. प्रश्न मात्र समुद्राच्या पाण्याचा नव्हता, शेतातल्या मातीचा होता. सुमारे १४०० टन माती पिंपांत भरून अमेरिकेला नेली गेली, आणि तरीही त्या परिसरातील काही जमिनीभोवती कित्येक दशकांनंतर कुंपणे घालावी लागली. १७ जानेवारी हा दिवस सीमाभागात १९५६ च्या हुतात्म्यांचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. तारखेचा हा मेळ निव्वळ योगायोग आहे. पण ज्यांच्या अंगणात घडले, त्यांना बाहेरच्यांनी 'काही घडले नाही' असे सांगणे, हा अनुभव आपल्या वाचकांना अनोळखी नाही.

दुसरे उदाहरण गालिसियाचे. नोव्हेंबर २००२ मध्ये सुमारे ७७ हजार टन जड इंधन तेल घेऊन जाणारे 'प्रेस्तीज' हे जहाज त्या किनाऱ्यापुढे फुटले आणि १९ नोव्हेंबर रोजी दुभंगून बुडाले. तेव्हाचे उपपंतप्रधान आणि पुढे पंतप्रधान झालेले मारिआनो राखोय यांनी तळाशी गेलेल्या जहाजातून निघणाऱ्या तेलाचे वर्णन, प्लास्टिसिनसारखे दिसणारे काही बारीक धागे, असे केले. तो 'धागा' हा शब्द त्यांना पुढे जन्मभर चिकटला. ज्यांच्या होड्या किनाऱ्याला लागून राहिल्या होत्या, त्या कोळ्यांनी आणि त्यांच्यासाठी देशभरातून फावडी घेऊन आलेल्या हजारो लोकांनी दिलेले उत्तर दोन शब्दांचे होते : 'नुन्का माइस', म्हणजे 'पुन्हा कधीही नाही'. गालिसियाचे प्रादेशिक सरकार तेव्हा ज्यांच्या हाती होते, ते पालोमारेसच्या समुद्रात उतरलेले फ्रागाच होते. आणि ते दोन शब्द स्पॅनिशमधले नव्हते. ते गालिसियन भाषेतले होते.

येथे माझ्या विषयाचा दुसरा पदर सुरू होतो. ज्या भाषेला आपण स्पॅनिश म्हणतो, ती मुळात कास्तियाची भाषा. तिच्या शेजारी गालिसियन, कातालान आणि बास्क या भाषा शतकानुशतके नांदत आल्या. फ्रांकोच्या राजवटीत, १९३९ ते १९७५ या काळात, त्यांना शाळेतून आणि कचेरीतून हद्दपार केले गेले. १९७८ च्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने कास्तियन ही साऱ्या राज्याची अधिकृत भाषा ठरवली, ती जाणणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरवले, आणि इतर भाषांना आपापल्या स्वायत्त प्रदेशांत सह-अधिकृत स्थान दिले. माद्रिदच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात या तीन भाषांतून रीतसर भाषणे करता येऊ लागण्यास मात्र सप्टेंबर २०२३ उजाडावे लागले. तेव्हा आणि त्याआधीही त्यांच्याविरुद्ध एक प्रश्न वारंवार विचारला गेला, 'के मास दा?'. 'काय फरक पडतो? सगळ्यांना स्पॅनिश समजतेच ना?'

या प्रश्नाची एक खूण आहे. तो नेहमी एकाच दिशेने विचारला जातो. फरक खरोखरच पडत नसेल, तर गालिसियन चालायला काय हरकत आहे, असा उलट प्रश्न केला की विचारणाऱ्याला फरक पडू लागतो. 'सारखेच आहे' असे म्हणणाऱ्याला ज्याने बदलायचे आहे तो दुसरा कोणी तरी असतो, हे गृहीत असते.

गंमत म्हणजे 'काही फरक पडत नाही' असे म्हणण्यासाठी त्या प्रत्येक भाषेत स्वतःचे शब्द आहेत. कातालानमध्ये 'तान् से बाल'. गालिसियनमध्ये 'तान्तो तेन'. बास्क भाषा तर कोणत्याच ज्ञात भाषाकुळातली नाही. तिच्यात 'शांत राहा' याला 'लासाय' म्हणतात आणि तो शब्द त्या मुलखात कास्तियन बोलतानाही लोकांच्या तोंडी येतो. माझी भाची ज्या वृद्धांची सेवा करते, त्यांतील अनेकांचे बालपण गालिसियनमध्ये गेले आणि शाळा कास्तियनमध्ये. ती सांगते, की रात्री घाबरून उठलेल्या एखाद्या आजींना 'त्रांकिला' म्हटले तर त्या मान हलवतात. गालिसियन धर्तीचा लडिवाळ प्रत्यय लावून 'त्रांकिलिन्या' म्हटले तर त्या हात धरतात. दोन्ही वाक्यांचा अर्थ त्यांना पूर्ण समजतो. अर्थ समजणे वेगळे आणि धीर येणे वेगळे. भाषांतराने पहिले साधते.

आपल्या शेजारच्या गोव्याकडे पाहिले तर या शब्दांचे आणखी एक भवितव्य दिसते. 'सुशेगाद' हा शब्द पोर्तुगीज 'सोसेगादो'वरून आला. स्पॅनिशमध्ये त्याचे भावंड 'सोसेगादो' असेच आहे. अर्थ शांत, निवलेला. मूळ शब्दात जीव निवल्याचे समाधान आहे. पर्यटकांच्या माहितीपत्रकांनी त्याचा अर्थ 'आळशी, निष्काळजी' इथवर ओढत आणला आणि एका अख्ख्या समाजावर तो चिकटवला. दिलाशाचा शब्द हेटाळणीचा व्हायला त्याचे अक्षरही बदलावे लागत नाही. स्पॅनिश लोकांच्या 'मान्याना'चे परकीयांनी हेच केले.

आता सीमाभाग. मराठीतून अर्ज घेऊन खिडकीशी उभे राहिलेल्या आपल्यांपैकी बहुतेकांनी पुढील संवाद ऐकला असेल. एका कार्यालयात मीही तो ऐकला. खिडकीपलीकडचे गृहस्थ रागीट नव्हते, उलट चांगले हसतमुख होते. "अहो काका, अर्ज कोणत्या भाषेत आहे याने काय फरक पडतो? आमच्या नमुन्यात भरून द्या, लगेच काम होईल. काळजी करू नका." धीर आणि झटका एकाच श्वासात. त्यांना मी म्हटले, "फरक पडत नसेल तर हाच घ्या की." ते पुन्हा हसले आणि अर्ज परत केला. भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० सांगतो, की गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचे निवेदन कोणालाही संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. ३५० क मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याविषयी आणि ३५० ख मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याविषयी तरतूद आहे. ही दोन्ही कलमे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली, ज्या वर्षी आपण सीमेच्या या बाजूला राहिलो त्याच वर्षी. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक किमान १५ टक्के आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, असे संरक्षक तरतुदींच्या योजनेत नमूद आहे. घटनेला फरक पडत होता, म्हणूनच तिने हे लिहिले.

मला अधिक चिंता खिडकीअलीकडच्या शब्दांची वाटते. घरी परतताना आपणच आपल्याला 'जाऊ दे' म्हणतो. हा शब्द मला प्रिय आहे. भांडण मिटवणारा, दुसऱ्याची चूक पोटात घालणारा, मराठीतील अत्यंत उदार शब्दांपैकी तो एक आहे. जे माझे आहे आणि मी स्वेच्छेने सोडतो, त्यासाठी तो शोभतो. फुटलेला पेला माझा असेल, तर 'जाऊ दे' म्हणण्याचा अधिकारही माझा. मुलाची शाळा, गावाच्या पाटीवरचे नाव, सातबाऱ्याचा उतारा समजेल अशा भाषेत मिळणे, या गोष्टी माझ्या एकट्याच्या नाहीत. त्या माझ्या आधीच्यांकडून आल्या आहेत आणि पुढच्यांना द्यायच्या आहेत. त्यांच्या वतीने 'जाऊ दे' म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

याचा अर्थ सदैव मुठी आवळून बोलावे, असा मुळीच नाही. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याशी आपले भांडण नाही. त्याच्या आजीलाही तिच्याच भाषेत धीर येतो. स्पॅनिश बोलणाऱ्यांकडून घेण्यासारखी एक साधी युक्ती आहे. 'दा इग्वाल' असे कोणी म्हटले आणि ते पटले नाही, तर ते आवाज न चढवता एक 'नो' पुढे जोडतात : 'नो, नो दा इग्वाल.' 'नाही, सारखे नाही.' वाक्य त्याच शब्दांचे राहते, सभ्यता राहते, आणि झटकलेली गोष्ट पुन्हा मेजावर येते. पुढच्या वेळी खिडकीशी 'काय फरक पडतो' हे ऐकू आले, तर हसून 'पडतो' एवढेच म्हणावे, अनुच्छेद ३५० चा उल्लेख अर्जाच्या पहिल्याच ओळीत करावा, आणि पोच मागावी. पोच मिळेपर्यंत खिडकीपासून हलू नये. मागे रांगेत उभे असलेल्यांना मात्र वळून सांगावे, की थोडा वेळ लागेल, काळजी करू नका.